कोरलेला भोपळा आणि ऑक्टोबरची हवा

ऑक्टोबर संपत आला की नवी मुंबईतल्या सानपाडा, वाशी, नेरूळच्या सोसायट्यांमध्ये आता आकाशकंदिलांच्या जोडीला कोरलेले भोपळेही दिसू लागले आहेत. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन मुलांनी चित्रपटांतून, शाळेतल्या मित्रांकडून आणि परदेशी वाढणाऱ्या मावस-चुलत भावंडांच्या व्हिडिओ कॉलवरून घरात आणला. पोशाख मिळतात, चॉकलेटं मिळतात. अडतं ते भोपळ्यापाशी. शनिवारी हौसेनं डोळे, नाक, दात कोरलेला भोपळा सोमवारपर्यंत आतून बुरशीनं भरतो. मग त्याचा चेहरा आत बसतो, बुडाशी पाणी सुटतं, चिलटं घोंगावू लागतात आणि ऐन सणाच्या संध्याकाळी तो ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेलेला असतो.

प्रश्न लहान दिसला तरी सोडून देण्याजोगा नाही. दोन-तीन किलोची चांगली भाजी वाया जाते, मुलांची मेहनत वाया जाते, आणि भोपळा टिकवण्याच्या नादात ब्लीच, टाकणखार, वॉर्निश अशा वस्तू लहान मुलांच्या हाताशी येतात. यावर सुचवले जाणारे बहुतेक उपाय थंड देशांतल्या अनुभवातून आलेले आहेत. आपल्या खाडीकाठच्या हवेत त्यांतले कोणते चालतात, कोणते उलटतात आणि आपल्याकडचं कोणतं ज्ञान इथे कामाला येतं, याचा हा आढावा.

भोपळा सडतो कसा

लाल भोपळ्याच्या गरात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. उरलेल्या भागात साखर, पिष्ट आणि पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन. हा सगळा ऐवज महिनोन्महिने शाबूत राहतो तो सालीमुळे. पक्व भोपळ्याची साल कडक असते आणि तिच्यावर मेणाचा पातळ लेप असतो. सुरी आरपार गेली की हे कवच संपतं. कापलेल्या पेशींतून रस पाझरतो आणि हवेत सदैव तरंगणाऱ्या बुरशीच्या बीजाणूंना ओलावा आणि साखर एकाच जागी मिळते. रायझोपस, फ्युजेरियम, पेनिसिलियम या बुरशी आणि पेक्टोबॅक्टेरियमसारखे जिवाणू इथे कामाला लागतात. ते पेक्टिन विरघळवतात, म्हणून भोपळा नुसता काळा पडत नाही, तर लिबलिबीत होऊन खचतो.

आता हवेकडे पाहू. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते. त्यानंतर येतो तो ऑक्टोबरचा उकाडा. दुपारी पारा ३३-३४ अंशांवर, रात्रीही २४-२५ च्या आसपास, आणि पहाटे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या जवळपास. सानपाड्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि तिवरं असल्यानं रात्रीची हवा जडच असते. बहुतेक बुरशींना २५ ते ३० अंश हे तापमान सर्वांत मानवतं; म्हणजे आपल्याकडे रात्रसुद्धा त्यांच्या सोयीची. बोस्टनसारख्या शहरात याच दिवसांत दुपारचं तापमान १५ अंशांच्या आसपास असतं. दर दहा अंशांमागे सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम धरला, तर तिथे आठवडाभर उभा राहणारा भोपळा इथे दोन-तीन दिवसांत का कोसळतो, याचं कोडं उरत नाही.

थंड, कोरड्या हवेत कोरलेला भोपळा आधी सुकतो. त्याच्या कडा आक्रसतात, दात आत वळतात. आपल्याकडे कडा सुकायच्या आत तो सडतो. दुपारी वरचा पृष्ठभाग थोडा वाळला, तरी भोपळ्याच्या पोकळीतली हवा दमटच राहते आणि रात्री सगळं पुन्हा ओलं होतं. हा फरक ध्यानात घेतला की कोणता उपाय उचलायचा आणि कोणता सोडायचा, हे बरंचसं आपोआप ठरतं.

याच हवेची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. शेतातून काढलेला अखंड भोपळा साठवणीला लावण्यापूर्वी सुमारे दहा दिवस २७ ते २९ अंश तापमानात आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रतेत ठेवावा, असं साठवणशास्त्र सांगतं. या काळात साल आणखी कडक होते आणि तिच्यावरचे उथळ ओरखडे बुचासारखा थर धरून भरून येतात. हे आकडे आपल्या ऑक्टोबरच्या हवेच्या किती जवळ आहेत! म्हणजे आपली हवा भोपळ्याची वैरी नाही. तिच्यात भोपळ्याला सहन होत नाही ते आरपार पाडलेलं भोक.

परदेशी तोडगे, एकेक करून

सर्वांत जास्त सुचवला जाणारा उपाय म्हणजे ब्लीच. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा घरगुती ब्लीच घालून त्यात कोरलेला भोपळा बुडवायचा. सोडियम हायपोक्लोराइट पृष्ठभागावरचे बीजाणू आणि जिवाणू खरोखरच मारतं. पण भोपळ्याच्या रसाशी भिडलं की त्यातला क्लोरीन लवकर खर्ची पडतो, गरात खोलवर तो जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी हवेतून नवे बीजाणू येऊन बसतात. कोरल्यानंतर एकदाच अशी धुलाई करून भोपळा पूर्ण कोरडा केला, तर सडण्याची सुरुवात लांबते. रोज फवारणी केली तर ओलावाच वाढतो.

व्हिनेगरचं आम्ल बुरशीला काही काळ आवर घालतं, पण त्याच्या वासानं चिलटं ओढली जातात. चिलटांचे सापळे व्हिनेगरनंच लावतात. सानपाड्यातल्या तळमजल्यावरच्या घरात हा उपाय नकोच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो.

कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोपडण्याचा सल्ला भोपळा सुकू नये म्हणून दिलेला आहे. आपली अडचण नेमकी उलटी असल्यानं ओल्या गरावर लावलेलं व्हॅसलीन ओलावा आतच कोंडतं. लावायचंच असेल, तर धुऊन, पंख्याखाली वाळवून, फक्त कडांना हलका हात फिरवावा. खोबरेल किंवा गोडं तेल लावलं तर मुंग्या लागतात.

हेअरस्प्रे आणि वॉर्निश ओल्या पृष्ठभागाला धरत नाहीत. त्यांचा पापुद्रा सुटतो आणि त्याखाली बुरशी वाढत राहते. शिवाय दोन्ही पेट घेणारी. आत पणती ठेवण्याचा विचार असेल, तर ती भोपळ्याच्या जवळही आणू नयेत. रोज पाणी शिंपडणं किंवा बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवणं हे आक्रसलेल्या भोपळ्याला पुन्हा टवटवीत करण्याचे उपाय आहेत. दमट हवेत ते सडण्याला हातभारच लावतात.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो बुरशी रोखतो, लाकूड टिकवण्यासाठीही वापरला जातो. पण तो पोटात गेला तर अपायकारक आहे. जिथे लहान मुलं भोपळ्याला हात लावून तेच हात चॉकलेटला लावणार आणि सोसायटीतली मांजरं-कुत्री वास घेत फिरणार, तिथे तो वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चुन्याची निवळी

आपल्या खाद्यपरंपरेत फळभाजीचा गर कडक ठेवण्याची एक जुनी युक्ती आहे. आग्र्याचा पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात भिजत घालतात. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं, त्यामुळे फोडी नंतर पाकात शिजल्या तरी मोडत नाहीत. भोपळा खचतो तो पेक्टिन सुटल्यामुळे. म्हणून ही युक्ती कोरलेल्या चेहऱ्यालाही लागू पडते. खायचा चुना पाण्यात ढवळून ठेवावा, चुना तळाला बसला की वरची स्वच्छ निवळी घ्यावी आणि ती ब्रशनं आतून आणि कापलेल्या कडांना लावावी. दोन-तीन तासांनी पुसून भोपळा पंख्याखाली ठेवावा.

ताजी, संपृक्त निवळी तीव्र अल्कधर्मी असते, तिचा सामू बाराच्या वर जातो आणि तेवढ्यात बहुतेक बुरशी वाढत नाहीत. पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तिचं कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि हे संरक्षण ओसरतं. गराला आलेला कडकपणा मात्र राहतो. निवळी हाताळताना हातमोजे घालावेत, डोळ्यांत थेंब जाऊ देऊ नये, आणि हे काम मोठ्यांनीच करावं.

मिठाचा मोह टाळावा. मीठ गरातलं पाणी बाहेर खेचतं, ते बुडाशी साठतं आणि भोपळा खालून बसतो. हळदीनं रंग चढतो, पण पाझरणाऱ्या गराला ती पुरी पडत नाही.

सुरी, पंखा आणि फ्रिज

रसायनांपेक्षा जास्त फरक पडतो तो निवडीत आणि हाताच्या कामात. सानपाड्याला लागूनच तुर्भ्यात मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचं भाजीपाला मार्केट आहे, त्यामुळे भोपळ्यांची इथे वाण नाही. आपल्याकडचा लाल भोपळा किंवा डांगर बहुधा कुकरबिटा मोस्काटा या जातीचा असतो: सुरकुत्यांसारख्या खोबणींचा, हिरवट-तपकिरी, जाड गराचा. अमेरिकेत कोरण्यासाठी वापरले जाणारे कनेक्टिकट फील्ड आणि हाउडन हे वाण कुकरबिटा पेपोचे. त्यांचा गर पातळ आणि पोकळी मोठी. आपला भोपळा खायला सरस, पण कोरायला अवघड, आणि जाड गरामुळे ओलावाही जास्त धरून ठेवतो.

म्हणून निवड करताना देठ शाबूत असलेला, नखानं साल न दबणारा, कुठेही मऊ डाग नसलेला भोपळा घ्यावा. फ्रिजमध्ये मावेल असा, दीड-दोन किलोचा असला तर उत्तम. वरून झाकण कापण्याऐवजी बुडाकडून किंवा मागून उघडावा, म्हणजे देठाचा भाग मजबूत राहतो आणि सुटलेला रस आत साचत नाही. बिया आणि धागे एकही न ठेवता काढावेत, कारण बुरशी बहुधा तिथूनच सुरू होते. चेहऱ्याच्या बाजूचा गर आतून खरवडून साधारण दोन सेंटिमीटर जाडीवर आणावा. पातळ भिंत लवकर कोरडी होते, आणि आतल्या दिव्याचा उजेडही तिच्यातून छान झिरपतो.

कोरून, धुऊन झालं की भोपळा दुपारच्या वेळी पंख्याच्या वाऱ्यात दोन-तीन तास उघडा ठेवावा. दिवसा एसी खोली असेल तर तिथे ठेवावा. एसी तापमान उतरवतो आणि हवेतला ओलावाही खेचतो. रात्री पिशवीत सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा. चार-पाच अंशांवर बुरशीचं काम फार मंदावतं आणि प्रत्येक रात्र वाचली की आयुष्य वाढतं. मांडताना फरशीवर न ठेवता जाळीच्या स्टँडवर, खाली हवा खेळेल असा ठेवावा. आत पणती किंवा मेणबत्ती लावली तर गर आतून शिजतो आणि शिजलेला गर रातोरात नासतो. छोटा एलईडी दिवा तेवढाच उजेड देतो आणि उष्णता जवळजवळ देत नाही.

हे सगळं नीट केलं तरी आरपार कोरलेल्या भोपळ्याकडून आपल्या हवेत आठवड्याची अपेक्षा ठेवू नये. सणासाठी कोरायचा असेल तर ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी कोरावा. मुलांच्या स्पर्धा आठवडाभर आधी घेणाऱ्या सोसायट्यांनी हे एक वेळापत्रक बदललं, तरी अर्धी नासाडी थांबेल.

साल न फोडता

आपल्या हवेला खरोखर साजेसा मार्ग इथून सुरू होतो. साल आरपार न कापता तिचा फक्त वरचा थर खरवडून चित्र काढता येतं. लिनोकटची छोटी हत्यारं किंवा बटाट्याची सालकाढणी यासाठी पुरते. खालचा फिकट गर दिसतो, चेहरा स्पष्ट उमटतो, पण पोकळी बंदच राहते. असा भोपळा आरपार कोरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो, फक्त खरवडल्यावर त्याला सावलीत, वाऱ्यावर कोरडं होऊ द्यायला हवं.

याहून सुंदर प्रयोग गच्चीवर किंवा गावच्या परड्यात भोपळ्याचा वेल असलेल्यांना करता येईल. वेलावर वाढणाऱ्या कोवळ्या भोपळ्यावर खिळ्यानं उथळ रेघांनी चेहरा किंवा नाव कोरलं, तर फळ ती जखम स्वतःच भरून काढतं आणि रेघा उठावदार, भुऱ्या होऊन सालीचाच भाग बनतात. जून-जुलैत लावलेल्या वेलाचे भोपळे ऑक्टोबरात पक्व होतात, त्यामुळे वेळही नेमकी जुळते. असा भोपळा हॅलोविनला मांडून पुढे दिवाळी उलटल्यावरही भाजीला वापरता येतो.

रंगवणं हा सर्वांत सोपा मार्ग. कोरड्या पुसलेल्या सालीवर अॅक्रिलिक रंगानं काढलेला चेहरा अखंड भोपळा टिकेल तितका टिकतो. म्हणजे हवेशीर जागेत कित्येक आठवडे. लहान मुलांच्या हाती सुरी द्यावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. आपल्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला कोहळा महिनोन्महिने कसा टिकतो, हे सर्वांनी पाहिलेलं आहे. पक्व कोहळ्यावरची पांढरी पावडर हे मेणाचंच आवरण. तोही रंगवायला चांगला, फक्त रंगवायच्या जागेवरची पावडर ओल्या फडक्यानं हलकेच पुसावी लागते.

वाळलेला भोपळा

टिकण्याचा प्रश्न मुळातून सोडवायचा तर ओलावाच काढून टाकायला हवा, आणि या विद्येत महाराष्ट्र कोणाच्या मागे नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांचे भोपळे सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात पिकवले जातात. मोठ्या, जाड सालीचे, खाण्यासाठी नसलेले हे भोपळे वाळवून मिरजेला येतात. कारागीर ते भिजवून, तोंड कापून, आतला भाग साफ करून त्यांना हवा तो आकार देतात. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या या कलेतल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नीट सांभाळलेला तंबोरा पिढ्यान्‌पिढ्या वाजतो, आणि त्याचा भोपळाही तेवढाच टिकतो.

समुद्राच्या दमट हवेत हे चालेल का, याचं उत्तर पालघर जिल्ह्यातल्या वारली वस्त्यांमध्ये मिळतं. तिथला तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांतून बनतं, आणि किनाऱ्याजवळच्या त्याच हवेत वापरलं जातं. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये तर तुमा म्हणजे वाळलेल्या भोपळ्यावर तापवलेल्या सुरीनं नक्षी उमटवण्याची कला आहे आणि त्याचे दिवेही बनतात. हॅलोविनच्या कंदिलाचं काम याहून वेगळं काय असतं? आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हे चेहरे मुळात सलगमासारख्या कंदांत कोरत. अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथे मिळणारा भोपळा हाती घेतला. जिथे जे पिकतं आणि टिकतं त्यात सण करावा, हे या प्रथेच्या इतिहासातच आहे.

घरी वाळवायचं तर भाजीवाल्याकडची कोवळी दुधी चालत नाही, ती सडते. वेलावरच पूर्ण पिकलेला, साल लाकडासारखी होऊ लागलेला दुधी भोपळा हवा. तो हिवाळा-उन्हाळ्याचे कोरडे महिने सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवावा. वाळताना बाहेरून बुरशीचे डाग आले तर घाबरू नये, ते पुसून काढावेत. हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळल्या की तो तयार झाला. कापताना आणि आतून साफ करताना उडणारी धूळ घशाला त्रास देते, म्हणून तोंडाला मास्क हवाच. एकदा कोरलेला असा कंदील कपाटात ठेवून दरवर्षी काढता येतो आणि आकाशकंदिलाच्या शेजारी दिवाळीतही शोभतो.

उरलेला गर आणि नासलेला भोपळा

कोणताही लेप लावण्याआधी खरवडलेला गर स्वयंपाकघरात जायलाच हवा. त्यात गूळ आणि कणीक घालून घारगे होतात, दह्यातलं भरीत होतं, बिया धुऊन, वाळवून भाजता येतात. ब्लीच, चुना किंवा रंग लागलेला भाग मात्र खाऊ नये, जनावरांनाही घालू नये. बुरशी दिसू लागली की भोपळा घरात ठेवू नये, विशेषतः दम्याचा त्रास असलेल्यांच्या घरात. एलईडी आणि सजावट काढून तो ओल्या कचऱ्यात किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकावा. उघड्यावर, गॅलरीत राहिलेल्या पोकळ भोपळ्यात अवेळी आलेल्या पावसाचं पाणी साचलं, तर डेंग्यूच्या डासांची तिथे सोय होते, हेही विसरू नये.

निष्कर्ष

सगळे उपाय एकत्र पाहिले तर निवाडा असा: सानपाड्याच्या हवेत भोपळा दोनच अवस्थांत टिकतो, साल अखंड असताना किंवा पूर्ण वाळल्यावर. मधल्या अवस्थेत, म्हणजे कापलेला आणि ओला असताना, एकदा केलेली ब्लीचची धुलाई, चुन्याची निवळी, पंखा आणि फ्रिज मिळून त्याला काही दिवस सावरतात. व्हॅसलीन, वॉर्निश, व्हिनेगर आणि रोजचं पाणी शिंपडणं हे उपाय आपल्यासाठी नाहीत.

लहान मुलांनी भोपळे रंगवावेत, मोठ्या मुलांनी साल खरवडून चित्रं काढावीत, आणि आरपार कोरायचाच असेल तो एक भोपळा ३० तारखेच्या संध्याकाळी मोठ्यांच्या हातानं कोरावा. सोसायट्यांच्या सांस्कृतिक समित्यांना माझी विनंती आहे की यंदा स्पर्धेची तारीख बदला, आणि या हिवाळ्यात दोन-चार पक्के भोपळे वाळत घाला. पुढच्या ऑक्टोबरला ते कोरायला तयार असतील.